चार चमच्यांची इफ्तारी

रमजान सुरू झाला की संध्याकाळी विजापूर वेशीत पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरकरांना हे मी सांगायला नको. रोजा असलेले, नसलेले, टोपीवाले, टिळेवाले, सगळे त्या गर्दीत असतात आणि निम्मे तरी खाण्यासाठीच आलेले असतात. कॉलेजातले सहकारी दरवर्षी मला विचारतात, ‘मॅडम, यंदा कुठं काय चांगलं मिळतंय?’ मी सांगते. कबाब कुठले, फालुदा कुठला, खजूर कुठल्या गाड्यावरून घ्यावा. सांगताना ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. यातला कुठलाही पदार्थ गेली कित्येक वर्षं मी एका वेळी चार चमच्यांपलीकडे खाल्लेला नाही, हे काहींना माहीत आहे. बाकीच्यांना आज कळेल.

डिसेंबर २०१३ मध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात माझ्या जठरावर बँड बसवला. माझं वय तेव्हा ३३ आणि वजन १०४ किलो. उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बाकीचा हिशेब वाचकांनी करावा. मधुमेह नुकताच निघाला होता. आमच्या अब्बांचा पाय याच आजारानं गुडघ्याखालून काढावा लागला होता, आणि ड्रेसिंगच्या वेळी पातेलं धरून मी शेजारी उभी असायचे. त्यामुळे साखरेचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला आकडा दिसला नाही, ते पातेलं दिसलं. चालणं, दुधी भोपळ्याचा रस, दोन आहारतज्ज्ञ, हे सगळं करून झालं होतं. दर वेळी आठ किलो जायचे आणि दहा यायचे.

बँड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सिलिकॉनचं एक कडं असतं. दुर्बिणीनं ते जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात, पिशवीच्या तोंडाला नाडी बांधावी तसं. कड्याच्या वर जठराचा एवढासा कप्पा उरतो. तो दोन-चार चमच्यांत भरतो आणि पोट भरल्याची जाणीव देतो. कड्याला आतून फुगा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका बटणासारख्या डबीला जोडलेली असते. डॉक्टर त्या डबीत सुई टोचून सलाईनचं पाणी भरतात तेव्हा कडं आवळतं, पाणी काढलं की सैल होतं. काही कापून टाकत नाहीत, काही वळवत नाहीत. अमेरिकेत याला २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढची दहाएक वर्षं त्याचा मोठा बोलबाला होता. आता बँड फारसा कोणी बसवत नाही. कडं सरकतं, जळजळ वाढते, पुष्कळांना ते काढून टाकावं लागतं, म्हणून आता जठराचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया जास्त होते. माझं कडं अजून जागेवर आहे. त्यात माझी हुशारी काही नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ कालवलेलं, मग हळूहळू घट्ट. घास सुपारीएवढा, चावायचा पंचवीस वेळा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात आपण किती न चावता खातो ते तेव्हा कळलं. घाईनं गिळलेला घास वरच्या कप्प्यात अडकतो. छातीच्या मध्यभागी कोणी मूठ दाबून धरल्यासारखं होतं, तोंडात चिकट लाळ येत राहते आणि घास वर येईपर्यंत सुटका नसते. कशानं अडकेल याचंही एक शास्त्र असतं. ताजा पाव, मऊ चपाती, नान यांचा आत गोळा होतो. चिकट भात अडकतो, मटणाचा धागा अडकतो. उलट आपली सोलापूरची कडक भाकरी! तिचा नीट चावून चुरा झाला की ती निमूट खाली उतरते. माझ्या मराठी विभागातल्या मैत्रिणीला याचा फार आनंद झाला होता. मात्र तिच्या एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीनं मला स्टाफरूमच्या बेसिनपर्यंत पळवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तुला आमचा उपवासही जमणार नाही!’

हे सगळं तिला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. अम्मीला नव्हतं. तिला मी पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. पोटावरची भोकं सारखीच दिसतात, त्यामुळे ते खपलं. का लपवलं? लाज. आजारासाठी पोट फाडून घेतलेलं चालतं, पण खाणं आवरत नाही म्हणून पैसे भरून पोट बांधून घेतलं असं सांगायला जीभ उचलत नव्हती. याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी हीच शस्त्रक्रिया गुपचूप करून घेतली होती आणि मे महिन्यात ती जाहीर झाली. एवढा मोठा माणूस तीन महिने गप्प राहिला, मग मी कोण, अशी मी मनाची समजूत घातली होती.

जून २०१४ च्या अखेरीला रमजान आला. शस्त्रक्रियेला सहा महिनेच झाले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यंदा रोजे नाहीत. दिवसाला दीड-दोन लीटर पाणी आणि साठेक ग्रॅम प्रथिनं चिमण्या घोटांनी आणि चिमण्या घासांनीच पोटात जाणार, त्याला सगळा दिवस लागतो. केस आधीच मूठमूठ गळत होते.

यात धर्माची अडचण काहीच नव्हती. मुस्लिमेतर वाचकांसाठी सांगते, आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, तीही थेट कुराणात. बरं झाल्यावर सुटलेले रोजे इतर दिवसांत भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. जो कधीच बरा होणार नाही त्यानं प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, तो फिदया. बायकांना मासिक पाळीचे रोजेही असेच नंतर ठेवायचे असतात. त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दारामागे पटकन पाणी पिऊन ओठ पुसून बाहेर येण्याची सवय आम्हाला लहानपणापासून असते. लपण्याची गरज नसते, तरी लपतो. तीच सवय मी महिनाभर ताणली. दर जुम्याला इफ्तार अम्मीकडे असायचा. दिवसभर थोडं थोडं खाऊन-पिऊन मी संध्याकाळी तिच्या दस्तरखानावर ओठ कोरडे करून बसायचे. सगळ्यांबरोबर दुआला हात उचलायचे, आणि अजान झाली की न ठेवलेला रोजा तिच्यासमोर सोडायचे.

तिसऱ्या जुम्याला तिनं नान आणि मटणाचा रस्सा केला होता. दिवसभर उपाशी असलेल्या माणसानं जसं खावं तसं मी खात नाही, हे तिच्या नजरेत आलंच होतं. ‘और एक निवाला ले गे, सुबू से भूकी है,’ म्हणत तिनं स्वतःच्या हातानं घास भरवला. आईच्या हातातला घास पंचवीस वेळा कसा चावणार? दुसरा घास आला आणि पहिला अडकला. मी उठले, न्हाणीत गेले, दार लावलं. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा अम्मी दारातच उभी होती. चेहरा असा उजळलेला की मला कळेना काय झालं. हळूच म्हणाली, ‘खुशखबरी है क्या?’

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. दुसरं मूल व्हावं म्हणून ती कधीची वाट बघत होती. पित्ताशयाची थाप मी सहज मारली होती, पण त्या चेहऱ्याला काय उत्तर द्यावं ते सुचेना. सगळे मगरिबच्या नमाजला उठले होते. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सांगून टाकलं. कडं, डबी, सलाईन, सगळं. तिचा हात धरून कातडीखालच्या डबीवर ठेवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, ‘अब्बा का पाँव देखी सो डर गई थी क्या?’ मी मान हलवली. मला वाटलं, विषय संपला. ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, ‘बीमार को तो छूट है. रोजे का झूट कायकू बोली?’

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशनचा राग नव्हता, तिच्या हातचं खाल्लं नाही म्हणूनही नव्हता. बरोबर बसून खोटा रोजा सोडला, यावर ती अडली होती. तिचं बरोबर होतं.

सुटलेले रोजे मी त्याच हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड भरून काढले. दिवस लहान, तहान कमी. अम्मीनंही नफ्ली रोजे ठेवून सोबत केली. २०१५ च्या रमजानला डॉक्टरांनी कड्यातलं थोडं पाणी काढलं, उरलेल्या एका गोळीची वेळ इफ्तारला नेली, आणि चक्कर आली किंवा साखर उतरली तर रोजा लगेच सोडायचा हे कबूल करून घेतलं. अम्मीनं आता माझा ताबा घेतला होता. मी जेवायला बसले की ती समोर बसायची, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. मला वाटायचं तिचं जिक्र चाललंय. एकदा घाईनं गिळलं तेव्हा ओरडली, ‘अठराच हुए!’

रोज्यातला खरा गुंता अन्नाचा नाही, पाण्याचा आहे. आताच्या फेब्रुवारी-मार्चातल्या रमजानाचा हिशेब बघा. साडेसहाच्या सुमारास इफ्तार, पहाटे साडेपाचच्या सुमारास सहरी संपते. अकरा तास. त्यातली झोप वजा करा, तरावीहची नमाज वजा करा, दोन्ही जेवणं वजा करा, प्रत्येक जेवणानंतरचा कोरडा अर्धा तास वजा करा. उरलेल्या वेळात दीड-दोन लीटर पाणी घोटाघोटानं जायला हवं. एकदम ग्लास तोंडाला लावला की तेही वर येतं. तरावीहला जाताना माझ्या पर्समध्ये बाटली असते. मशिदीत बायकांच्या जागेतल्या पोरी तिला ‘आपा का सलाईन’ म्हणतात.

इफ्तारचा जुना क्रम मात्र या कड्याला अगदी मानवतो. खजूर, पाणी, मग मगरिबची नमाज आणि जेवण त्यानंतर. अर्धा खजूर बारीक चावायचा, घोटभर पाणी प्यायचं, नमाज पढायची, परत येईपर्यंत कप्पा रिकामा. घोटाळा होतो तो अजान आणि नमाज यांच्यातल्या दहा मिनिटांत आपण जी भजी, समोसे, चना-चाट, कापलेली फळं आणि दोन ग्लास सरबत कोंबतो त्यानं. हे मी बँडवाल्यांबद्दल लिहीत नाही, सगळ्या घरांबद्दल लिहिते आहे. पोटाचे तीन भाग करून एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. ती बहुधा समोसा हातात घेऊनच सांगितली जाते.

पण मलाही फार बोलायचा हक्क नाही. २०१६ च्या रमजानात रोजे ठेवून माझं वजन तीन किलोंनी वाढलं. कडं अडवतं ते घट्ट अन्नाला. रूह अफ्जा, फालुदा, खीर, आईस्क्रीम त्यातून सुळकन खाली जातात. नान अडकतं आणि फालुदा जातो, मग मन फालुद्याकडेच जाणार. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘मॅडम, रोज सरबत किती?’ त्या वर्षी कळलं की पोट बांधता येतं, जीभ नाही. आज माझं वजन ७८ किलो आहे. सर्वात कमी होतं तेव्हा ७१ होतं. साखर काबूत आहे, दोन्ही पाय शाबूत आहेत, रक्ताच्या तपासण्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्माच्या आहेत.

माझं वाचून कोणी बँडसाठी धावू नये आणि ज्याच्या पोटात आहे त्यानं माझं वाचून रोजा ठेवू नये. प्रत्येकाचं कडं वेगळं आणि साखर वेगळी. ते डॉक्टरांच्या समोर बसून ठरवायचं.

ईदचा दिवस सर्वात अवघड. दहा घरी जायचं, दहा वाट्या शीरखुर्मा. नाही म्हटलं तर घरच्या बाईचं तोंड उतरतं. यावर अम्मीनंच तोड काढली होती, माझ्या बहिणीच्या मुलाला तिनं माझ्याबरोबर धाडलं. तो तेव्हा प्राथमिक शाळेत होता. मी दोन चमचे खाऊन तारीफ करायची आणि गप्पांच्या ओघात वाटी त्याच्याकडे सरकवायची. इतकी वर्षं त्यानं हे काम न चुकता केलं, वर ईदी घेतली. यंदा तो अठराचा झाला आहे आणि जिमला जातो. परवा इफ्तारला शेजारी बसून उकडलेल्या अंड्यातला पिवळा भाग बाजूला काढत म्हणाला, ‘खाला, इस बार पाँच घर के ऊपर नहीं जमेगा.’ उरलेल्या पाच घरांसाठी मी माणूस शोधते आहे.