लाजेपायी अंगावर काढू नका

अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पण बाई कुणाला सांगत नाही. जुन्नर-आंबेगावाकडे आम्ही हेच पाहत आलो.

गडचिरोलीकडे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते छापून आले. शंभरांत ९२ जणींना आतले दुखणे निघाले. पूर्वी कधी तपासून घेतलेल्या किती? शंभरांत ८!

मंचरला, घोडेगावला सरकारी दवाखाना आहे. जावेला संगे न्यावे. "बाई डॉक्टर हव्यात" म्हणायला भिऊ नये. वास, खाज, किती दिवस झाले, सारे सांगावे. काही दुखणी नवराबायकोत फिरतात, म्हणून कधी त्यालाही गोळ्या लागतात. त्याने रुसू नये. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र उद्यावर टाकू नये.