206 हाडांची वरात, करंट जोरात!

आळंद-कलबुर्गी बसमध्ये सीटच्या दांड्यावर कोपर आपटलंय कधी? करंटच बसतो ना! 'हाड मोडलं' म्हणून आपण कळवळतो. पण माहीत आहे का, हाड बिचारं निर्दोष असतं. कोपरामागून अल्नर नावाची नर्व्ह अगदी कातडीखालून जाते. दांडा लागतो तिला. म्हणून तर आपटतं कोपर आणि झिणझिण्या करंगळीला!

आता स्पीड बघा. अंगातल्या सगळ्यात फास्ट नर्व्हमधून सिग्नल सेकंदाला 120 मीटरपर्यंत पळतो. म्हणजे आळंद ते कलबुर्गी, चाळीसेक किलोमीटर, साडेपाच मिनिटांत! ड्रायव्हरसाहेब, ऐकताय ना? ठणक्याचा सिग्नल मात्र रेंगाळतो, सेकंदाला जेमतेम मीटरभर. त्याला याच रस्त्यावर 11 तास लागतील. उंबऱ्याला अंगठा आपटला की 'आपटलं' हे आधी कळतं आणि 'आई गं!' मागून येतं, ते यामुळेच.

आज घरी ज्वारीची भाकरी आहे? मग थापणाऱ्या बोटांकडे नको, मनगटाच्या वर, कोपराच्या खाली बघा. कातडीखाली काहीतरी सरसर हलताना दिसेल. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच! ते तळहातात आणि कोपराखालच्या हातात बसलेले असतात आणि लांबलचक कंडरांनी बोटं ओढतात. हो, ओढतातच. कुठलाही स्नायू ढकलू शकत नाही. बंद पडलेली गाडी ढकलतानाही आतले स्नायू ओढायचंच काम करतात. बोला!

कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआय टॅग मिळाला. त्या तुरीचा एक दाणा तळहातावर घ्या. त्याहून बारीक, 3 मिलिमीटरचं एक अख्खं हाड तुमच्या कानात आहे! नाव स्टेपीज, आकार घोड्याच्या रिकिबीचा. कानात रिकीब आहे, घोडा तेवढा राहिला.

माहीत आहे का, बाळ जन्मतं तेव्हा हाडं असतात 300 च्या घरात आणि मोठेपणी उरतात 206. चोरी नाही हो, जुळणी! बरीचशी एकमेकांत जुळून एक होतात.

206 पैकी 106 तर नुसती हाता-पायांच्या पंजांत. आता जरा अंगावर काटा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे निघाले, पण बऱ्याच मोठ्या माणसांचे पाय घोट्यावरून तोडलेले! प्रत्येक पावलात 26 हाडं, म्हणजे 52 वजा. मेलेला माणूस उठून चालायला लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. एक गडी मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसलेला सापडला, दोन्ही पाय शाबूत. व्हीआयपी असणार!

मेंदू वजनाला शरीराच्या 2 टक्के, पण एनर्जी खातो 20 टक्के. एवढा खादाड आणि स्वतःला वेदना शून्य! म्हणून काही ऑपरेशनांत डॉक्टर पेशंटला जागं ठेवून, गप्पा मारत मेंदूवर काम करतात.

जिराफाच्या मानेत मणके किती? सात. तुमच्या? सातच. उगाच हिणवून घेऊ नका.

आणि लग्नाळू मंडळींनो, बायोडेटात उंची लिहायची आहे? अंथरुणातून उठल्या उठल्या मोजा. दिवसभर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उंची गायब होते. पाहुणे पाच वाजता येणार असतील तर मात्र बसूनच राहा.