एकाच इलाजाची दोन बिले का?

या पानावर आम्ही एरवी सुताचे भाव आणि उधारी-वसुली यांवर लिहितो. आज यकृताच्या, म्हणजे जिगरच्या गाठीवरील एका महागड्या इलाजाविषयी लिहीत आहोत. कारण मदतीसाठी येणारे कारागीर बांधव एकच तक्रार करतात : नळी दोनदा घातली, बिले दोन झाली, पहिल्या वेळी तर औषधही दिले नाही. ही लूट नव्हे काय?

ही लूट नव्हे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते, बाकीचे धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र बहुतेक सारे रक्त धमनीतूनच ओढते. म्हणून डॉक्टर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत सरकवतात आणि गाठीजवळ यिट्रियम-९० चे सूक्ष्म मणी सोडतात. हे मणी २० ते ६० मायक्रॉनचे, कापसाच्या एका तंतूहून थोडे जाड. त्यांचे किरण सरासरी अडीच, फार तर ११ मिलिमीटर जातात. मणी जिथे अडकला तिथेच त्याचे काम. चुकीच्या फांदीत गेला तर नुकसानही तिथेच, आणि सोडलेला मणी परत काढता येत नाही.

म्हणून पहिली फेरी निव्वळ पाहणीची. धमनीत रंगद्रव्य सोडून साधा एक्स-रे काढला तर चित्र सपाट येते. घडी घातलेल्या थानावरची नक्षी जशी एकावर एक दिसते, तशा रगा दिसतात. कोणती फांदी गाठीकडे जाते आणि कोणती जठराकडे, हे कळत नाही. जठराकडे मणी गेले तर तिथे जखमा होतात. त्यासाठी टेबलाभोवती एक्स-रेची कमान काही सेकंदांत फिरवतात आणि संगणक त्यातून सीटी स्कॅनसारखे काप तयार करतो. तेवढा वेळ रुग्णाने श्वास रोखून धरायचा; हलला की चित्र बिघडले. गाठीचा एखादा कोपरा रंगला नाही, तर त्याला दुसरीच रग रक्त पुरवते असे समजावे. कधी ती पडद्याकडून, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूकडून येते. ती सापडली नाही तर तो कोपरा इलाजातून सुटतो.

त्याच फेरीत टेक्नेशियमचे नकली कण सोडून गॅमा कॅमेऱ्याने पाहतात, की यकृतातून निसटून फुप्फुसांत किती गेले. प्रमाण फार निघाले तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा इलाजच नाकारतात. अशा नकाराने नातेवाईक चिडतात, पण त्या पाहणीनेच रुग्णाची फुप्फुसे वाचलेली असतात.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने. यिट्रियमचा जोर दर ६४ तासांनी निम्मा होतो. हा गोदामात ठेवण्याचा माल नव्हे. रुग्णाच्या मापाने, दिवस आणि वेळ ठरवून मागवावा लागतो. ऐनवेळी तारीख पुढे ढकलली तर तो डोस वाया जाऊ शकतो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वीच पैशांची जुळवाजुळव पक्की करावी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने काचेचे देशी मणी विकसित केले आहेत. ते मिळतील का, हे रुग्णालयात जरूर विचारावे.

मणी सोडल्यावर पुन्हा एक स्कॅन होतो, तो मणी कुठे बसले हे पाहण्यासाठी. गाठ मेली की नाही, हे त्यात दिसत नाही. त्याचा अंदाज बहुधा काही आठवडे ते तीन महिन्यांनंतरच्या सीटी किंवा एमआरआयवरून येतो, आणि तोवर गाठ आकाराने तेवढीच दिसली तरी इलाज फुकट गेला असे धरू नये.