हॅश जुळला, म्हणजे नेमके काय कळले?

नावावरून फाइल ओळखता येते, हा पहिला गैरसमज. पीएम किसान किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइलींचा धंदा त्यावरच चालतो. हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा, नाव पाहत नाही. तो आतल्या प्रत्येक बाइटवरून निघतो. शा-256 पद्धतीत तो नेहमी 64 चिन्हांचा असतो, फाइल चार जीबीची असो वा पूर्ण रिकामी. रिकाम्या फाइलचा हॅश जगभर ‘ई3बी0सी442’ असाच सुरू होतो. ज्ञात हॅशांच्या यादीशी पडताळण्याआधी अशा फाइली वगळाव्यात, नाहीतर भलत्याच पॅकेजांशी नाते जुळते.

फाइल हातोहात फिरली की हॅश बदलतो, हेही खरे नाही. चंद्रपुरात उतरवलेली लिनक्सची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवरून एटापल्लीला नेली, वर नाव बदलले, तरी हॅश तोच. उतरवताना नेटवर्क तुटून शेपूट राहिले, तर मात्र तो साफ वेगळा येतो. तेच पॅकेज उघडून पुन्हा झिप केले, तरी बहुधा जुळत नाही, कारण आत नोंदलेल्या तारखा बदलतात. तेव्हा हॅश जुळला नाही म्हणून लगेच घातपाताचा संशय घेण्याचे कारण नाही.

महागात पडतो तो उलटा समज: हॅश जुळला, म्हणजे फाइल निर्धोक. अमेरिकेतील निस्ट ही संस्था ज्ञात सॉफ्टवेअरच्या हॅशांची मोठी यादी ठेवते. जप्त हार्ड डिस्कवरच्या विंडोजच्या ओळखीच्या फाइली तपासनीस तिच्या आधारे बाजूला सारतात. पण त्या यादीत हॅकिंगची साधनेही आहेत. ‘ज्ञात’ म्हणजे ‘चांगली’ नव्हे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती अधिकृत पॅकेजातच असल्याने हॅश बिनचूक जुळत होता. शिवाय संकेतस्थळ फोडणारा फाइलबरोबर तिथे छापलेला हॅशही बदलू शकतो; म्हणून डेबियन हा लिनक्स प्रकल्प हॅशांच्या यादीवर डिजिटल सही करतो.

सगळ्या पद्धती सारख्या भक्कमही नाहीत. एमडी5 मध्ये 2004 साली आणि शा-1 मध्ये 2017 साली एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या गेल्या. तरीही 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात शा-256 च्या जोडीला हे दोन्ही पर्याय आहेत. गडचिरोलीच्या न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देणाऱ्याने खूण शा-256 समोर करावी, हे बरे.