तीन पावसाळे

आषाढाच्या प्रारंभी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर मी गेलो, तो ज्या गावात एवढे विस्तीर्ण पाणी आहे त्याच गावची ढोरे चराईवाचून खंगतात, ही विसंगती कानी आल्यापासून मनाला लागलेली टोचणी घेऊन. पाळीवर चढताच उलगडा झाला. जेथे पाणी ओसरून ओली कड उघडी पडते आणि जेथे गवत असावयास हवे, तेथे बेशरमाचे जंगल माजले होते. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, फिक्या जांभळ्या फुलांचे, गुडघाभर पाण्यातही टवटवीत राहणारे आणि शहाणे जनावर ज्याला तोंड लावीत नाही असे. शेळ्यांना त्याची चटक लागली, तर त्यांचे पाय लटपटू लागतात.

कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव 1951 साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झाले आणि रयतेचे हक्क निस्तारपत्रकात नमूद झाले. चराईचा हक्क कागदावर शाबूत राहिला. चरण्याजोगे काय उरले, याचा रकाना मात्र तेथे नाही.

मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर बाया बेशरम मुळासकट उपटीत होत्या. तोडलेला तुकडा चिखलात राहिला की पुन्हा फुटतो, म्हणून कांड्या वेचून पाळीपलीकडे टाकायच्या. उपसलेल्या गाळाचा आंबूस, कुजकट दर्प सायंकाळपर्यंत माझ्या धोतराला होता. "तीन पावसाळे उपटल्याबिगर याले शरम येत नाही," गावचा म्हातारा गायकी, म्हणजे गुराखी, म्हणाला.

मोकळ्या जागी लावायचे काय, हा खरा वाद. एका तरुण अधिकाऱ्याने पॅरा गवताच्या कांड्या आणल्या होत्या. हे आफ्रिकेतले गवत पाण्यात तगते आणि क्षारही बऱ्यापैकी सोसते, असे तो उत्साहाने सांगत होता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा दुसरा गुण मोलाचा ठरला असता; परंतु जेथे वर्षाकाठी 1300 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तेथे त्याची महती ऐकताना मला किंचित हसू आले.

गायक्याने वाद घातला नाही. त्याने घमेल्यात एका बाजूला पॅरा आणि दुसऱ्या बाजूला देवधान, म्हणजे आपोआप उगवणारे रानभात, ठेवून घमेले एका म्हशीपुढे सरकवले. म्हशीने लांब श्वास घेऊन दोन्ही हुंगले आणि, माझ्या अपेक्षेवर पाणी ओतीत, आधी पॅरा फस्त केला. अधिकाऱ्याचा चेहरा खुलला.

"खाते ना! चांगलाच आहे तो," गायकी म्हणाला, "पन हा पान्यावर चालत जाते, सायेब. मंग मासोळीनं कुठं राहावं?" बायांनी माना डोलावल्या. पॅऱ्याची कांडी पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडीत उघडे पाणी झाकीत जाते, आणि ज्या तलावावर ढोर व मासा दोघांचा निस्तार आहे, तेथे एकाचे पोट पाहून केलेली निवड मलाही अपुरी वाटली. अखेरीस पॅरा तलावाबाहेरील पाझराच्या पट्ट्यात लावायचा आणि आत देवधान, असे ठरले. अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिले.

बायांनी देवधानाचे ठोंब टाचेने चिखलात दाबले. आम्ही पाळीवर चहा घेत होतो, तोच एका वासराने पहिल्या ओळीतले दोन ठोंब मुळासकट ओढून काढले. एक बाई शिव्या घालीत धावली. गायकी मात्र वासराच्या हलणाऱ्या जबड्याकडे पाहत खुशीत हसत होता.