आठव्या जगातला राहिलेला डाव

मे महिन्यात ट्रॉम्ब्याच्या आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा माळा रिकामा करावा लागला. गणपतीचं मखर निघालं, बाबांचा जेवणाचा डबा निघाला, एक तुटकं जाळं निघालं आणि सुतळीने बांधलेल्या पिशवीत आमचा व्हिडीओ गेम निघाला. मूळचं पांढरं प्लॅस्टिक जुन्या दातांसारखं पिवळं पडलेलं. ‘भंगारवाल्याला देऊन टाक,’ आई म्हणाली. मी देणारही होतो. पण पिशवीच्या तळाशी कॅसेट होती आणि कॅसेटच्या पाठीवर बॉलपेनने, दादाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘८-३’. ते वाचलं आणि मी पिशवी बाजूला ठेवली. त्या दोन आकड्यांमागे मी बोललेलं एक खोटं आहे, आणि ते १९९७ पासून माझ्याजवळ पडून आहे.

ज्यांच्या घरी हे यंत्र कधी आलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ च्या जुलैमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते टीव्हीला जोडायचं, वरच्या खाचेत कॅसेट घालायची आणि खेळायचं. आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची भावंडं, म्हणजे नकला. लिटल मास्टर, मीडिया अशी नावं तेव्हा ऐकू यायची. आमच्या खोक्यावर तर धड नावही नव्हतं. बाबा खताच्या कारखान्यात पाळीवर होते. १९९५ च्या दिवाळीत बोनस झाला, तेव्हा दादाने आठवडाभर धोशा लावून त्यांना लॅमिंग्टन रोडला नेलं, आणि परत येताना दोघांनी ते खोकं हार्बरच्या गाडीतून मांडीवर धरून आणलं.

आमचं घर कोळीवाड्याच्या कडेला. पुढे गेलं की धक्का, समोर खाडीपलीकडे घारापुरी, मागे ट्रॉम्ब्याचा डोंगर आणि अणुसंशोधन केंद्राचं कुंपण. जगातली मोठी मोठी शास्त्रज्ञ मंडळी आमच्या शेजारी अणू फोडत होती आणि इकडे आम्ही दोघं भाऊ यंत्राची पिन टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घालून, पडद्यावरच्या मुंग्यांतून चित्र शोधत होतो. बटण अंगठ्याने हळूहळू फिरवायचं. मुंग्या, मुंग्या, मध्येच दूरदर्शनची सावली, आणि अचानक निळं आकाश! त्या निळ्या आकाशाचा आनंद मला पुढे कुठल्या रंगीत पडद्याने दिला नाही.

कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आता कळतं, की फुंकरीचा त्यात काही हात नव्हता. काढून पुन्हा बसवताना पितळी पट्ट्या नीट टेकायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजायच्या. आधीच आमची हवा खारी. शेजारच्या काकींचे बोंबील जिथे वाळायचे त्या हवेत आमची कॅसेटही मुरत होती.

कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं. खरे खेळ असतील वीस-पंचवीस. तेच पुन:पुन्हा, नावं बदलून. त्यात रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ होता. आम्ही त्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो. दोघांनी मिळून तळाशी मध्यभागी बसलेला गरुड राखायचा. (आम्हा कोळीवाड्यातल्या पोरांना तो कोंबडी वाटायचा.) भावाची गोळी भावाला लागली तर मरण नाही, पण काही क्षण जागच्या जागी खिळून बसायचं. ज्याने ही योजना केली त्याच्या घरी दोन मुलगे असावेत, अशी मला दाट शंका आहे.

पण खरा खेळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवलेला हा खेळ जपानमध्ये सप्टेंबर १९८५ मध्ये निघाला. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. हे सगळं फक्त ४० किलोबाइटमध्ये बसवलेलं. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या पन्नासपट भरतो. जागा वाचवण्यासाठी केलेली काटकसर पाहून आपल्या आयांची आठवण यावी. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही दोन्ही एकच चित्रं, फक्त एकाला पांढरा रंग आणि दुसऱ्याला हिरवा. अशा एवढ्याशा शिदोरीवर पोरांना महिनोन्महिने गुंतवायचं तर एकच उपाय होता. खेळ कठीण करायचा. तीन जीव, ते संपले की पुन्हा पहिल्या जगापासून. डाव साठवून ठेवायची सोय नाही.

त्यात आमच्याकडे माहितीपुस्तिका नव्हती. कुठल्या बटणाने काय होतं हे मरून मरून शिकायचं. खेळातल्या प्राण्यांची नावंही आमचीच. हातोडेवाले, तोंडाळ झाड, आगीचा राक्षस. शिवाय रात्रपाळी करून आलेले बाबा दिवसा त्याच खोलीत झोपलेले असत, म्हणून आवाज कायमचा शून्यावर. कोजी कोंडो यांचं ते जगभर गाजलेलं संगीत आम्ही दोन वर्षांत जेमतेम चार वेळा ऐकलं असेल. वेळेचा आकडा शंभराच्या खाली आला की संगीत धावायला लागतं, तीच धोक्याची सूचना असते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमचा मारिओ वेळ संपून मरायचा आणि आम्ही बटणाला दोष द्यायचो.

मग युक्त्या कळायच्या कुठून? माणसांकडून. चिता कॅम्पमधला एक मुलगा सुटीत दादाबरोबर क्रिकेट खेळायचा. त्याने सांगितलं, की पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून चालत जा, पुढे चोरवाट आहे. त्या बदल्यात दादाने त्याला तिसऱ्या जगातल्या जिन्यावरच्या कासवाचं गुपित दिलं. त्याच्यावर बेताने उड्या मारत राहिलं की जीव वाढतच जातात. दहाच्या पुढे आकड्यात मुकुट उमटतो. (हाव मात्र बेताची हवी. १२७ च्या वर गेलात तर पुढच्याच मरणाला खेळ संपतो.) मला ते दोघे अजून दिसतात, धक्क्यावर बसून, सोन्याचा सौदा करावा तशा हळू आवाजात बोलताना.

प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ला, किल्ल्यात राक्षस. त्याला पाडलं की एक छत्रीडोक्या येऊन इंग्रजीत सांगतो, की आभारी आहे, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. हे सात वेळा. आमच्या मराठी शाळेतल्या इंग्रजीला तो अर्थ लागायला वेळ लागला. एकदा बाबा जागे होते. दादाने त्यांना अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे रेशनकार्डाचं ऑफिस की रे! आज नाही, दुसऱ्या खिडकीवर जा.’ पुढे आमच्या घरात कुठलंही काम अडलं की ‘राणी दुसऱ्या किल्ल्यात’ असंच म्हणायची पद्धत पडली. आई अजून म्हणते.

दादाचा बाणा वेगळा होता. चोरवाटेने जाऊन जिंकलेला डाव त्याला डाव वाटत नसे. बत्तीसच्या बत्तीस टप्पे पायी चालायचे. १९९७ च्या मेमध्ये, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहताना, त्याने ते मनावर घेतलं. सातव्या जगाच्या किल्ल्यात वर-खाली योग्य क्रमाने गेलं नाही तर तीच वाट परत परत येते. त्या चकव्यात त्याचे चार दिवस गेले. आठव्या जगात मध्ये कुठे विसावा नाही. मेलात की टप्पा पहिल्यापासून. तरी एका संध्याकाळी तो ८-३ ला पोचला. इतक्यात बाबांच्या बातम्यांची वेळ झाली. दादाने डाव थांबवला, पिन काढली, पण यंत्र चालूच ठेवलं. रात्रभर. ॲडाप्टर इतका तापला की आईने त्याखाली फरशीचा तुकडा ठेवला. कॅसेट खाचेत असतानाच दादाने तिच्या पाठीवर ‘८-३’ लिहिलं आणि तो झोपला.

पहाटे नळाला पाणी आलं. कळशी घेऊन मी अंधारात निघालो आणि पाय वायरमध्ये अडकला. ॲडाप्टर बाहेर. मी घाईघाईने पुन्हा खोचला, जसं काही मधल्या क्षणाचं यंत्राला कळणारच नाही. तासाभराने दादा उठला, पिन लावली. पडद्यावर खेळाचं पहिलं पान. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘रात्री लाइट गेली होती.’ तो काही बोलला नाही. निकाल लागला, दादा आयटीआयला गेला, मग नोकरी, मग पनवेल. तो यंत्राला पुन्हा बसला नाही.

पत्र्यांचं काम झाल्यावर मी ते यंत्र घरी आणलं. माझी लेक चौदा वर्षांची. तिच्या देखत नव्या सपाट टीव्हीला जोडलं आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो. मला वाटलं, वय. पण लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्ही बटण दाबता आणि तो उशिरा उडतो.’ खरंच होतं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी घासूनपुसून घेतो, मग दाखवतो. त्यात सेकंदाचा छोटासा अंश जातो, आणि मारिओचं जगणं-मरणं तेवढ्याच अंशात असतं. बदकं मारायची बंदूक तर अजिबात चालेना. तिचं नळीच्या पडद्याशी लग्न लागलेलं. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो पाहतो. नव्या पडद्यावर तो चौकोन वेळेवर येतच नाही. शेवटी मानखुर्दच्या भंगारवाल्याकडून नळीचा टीव्ही आणला. उचलताना माझी कंबर धरली.

लेकीचं म्हणणं, एवढा त्रास कशाला? निन्टेंडोने स्वतःच हे खेळ पुन्हा काढलेत. २०१६ च्या त्यांच्या छोट्या यंत्रात तीस खेळ होते आणि डाव हवा तिथे साठवता येत होता. आता तर चुकलं की मागे जाऊन चूक पुसताही येते. मी तसं खेळून पाहिलं. दोन संध्याकाळींत सातव्या जगापर्यंत आलो आणि त्यातला एकही टप्पा दुसऱ्या दिवशी आठवेना. पण तेव्हाचं सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही. ‘कॉन्ट्रा’त एक गोळी लागली की जीव गेला. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांना १९८६ मध्ये आपल्याच ‘ग्रॅडियस’ची तपासणी करताना तो इतका अवघड वाटला, की त्यांनी स्वतःसाठी बटणांचा गुप्त क्रम घालून ठेवला. कर्त्यालाच जे झेपलं नाही त्यावर आम्ही सुट्या घालवल्या. मारिओचं तसं नाही. तिथे मेलो तर चूक आपली असते, आणि ती दिसते. म्हणून राग येतो आणि म्हणूनच पुन्हा बसावंसं वाटतं.

आणि मग लेकीने कुठूनतरी वाचून सांगितलं. जीव संपून पहिलं पान आलं, की ‘ए’ बटण दाबून धरायचं आणि ‘स्टार्ट’ दाबायचं. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरुवात होते. मी करून पाहिलं. पडद्यावर ८-१. दोन वर्षं आम्ही जे डोंगर पहिल्या पायरीपासून चढत होतो, त्याला मधून गाडीरस्ता होता आणि तो आमच्याच अंगठ्याखाली होता! मला हसू आलं, मग बराच वेळ राग आला. एक गोष्ट मात्र लगेच ध्यानात आली. वीज तुटली की ही आठवणही पुसली जाते. म्हणजे दादाचा तो डाव या युक्तीनेही वाचला नसता.

मी दादाला फोन केला. रविवारी तो पनवेलहून आला, चष्मा लावून, गुडघ्याला पट्टा बांधून. मी कॅसेट त्याच्या हातात दिली. त्याने पाठीवरचं अक्षर पाहिलं. मी म्हणालो, ‘दादा, त्या रात्री लाइट गेली नव्हती.’

‘माहीत आहे मला,’ तो म्हणाला. ‘मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, पंखा बंद पडला असता तर मी झोपून राहिलो असतो होय?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुझं तोंड बघून. कळशी अजून तुझ्या हातात होती.’ आणि त्याने खाली बसून कंट्रोलर ओढला. ‘आवाज वाढव. आता कोण झोपलंय?’

८-१ ला तो सतरा वेळा मेला. लेकीने मोजलं. दुपार झाली, चहा झाला, ८-३ आला आणि गेला. हातोडेवाल्यांच्या खालून दादा असा सुटला, की मी आणि लेक एकदमच ओरडलो. शेवटच्या किल्ल्यात पाइपांचा चकवा आहे. चुकीच्या पाइपात शिरलात की परत सुरुवातीला. लेकीला वाट माहीत होती, तिने तोंड उघडलंही. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. दादा तिसऱ्यांदा त्याच विटांपाशी येऊन उभा होता. नऊ वाजता वहिनीचा फोन आला, निघालात का म्हणून. ‘हो, निघालोच,’ दादा म्हणाला, फोन उलटा ठेवला आणि ‘ए’ दाबून धरून पुन्हा ‘स्टार्ट’ दाबलं.