मुष्टियुद्धांतील मानक्रम आणि निषिद्ध औषधें

प्राचीन ग्रीस देशांत ऑलिंपिया येथें क्रीडांगणाकडे जाणाऱ्या वाटेवर ज्यूस देवाच्या कांशाच्या मूर्तींची एक रांग असे. या मूर्ति कोणा भाविकानें नवस फेडण्यासाठीं उभारलेल्या नव्हत्या. लबाडी करणाऱ्या खेळाडूंकडून वसूल केलेल्या दंडाच्या पैशांतून त्या घडविल्या होत्या. त्यांपैकीं पहिल्या सहा मूर्तींचें मूळ मुष्टियुद्धांत आहे. ख्रिस्तपूर्व ३८८ या वर्षीं थेसलीच्या यूपोलस नामक मुष्टियोद्ध्यानें आपल्या तिघां प्रतिस्पर्ध्यांस पैसे चारून विजय विकत घेतला. पुढें ती गोष्ट उघडकीस येऊन देणारा एक व घेणारे तीन अशा चौघांनाही दंड झाला. मैदानांत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्या मूर्तींवरून जावें लागे. आमच्या पुराणांतही कंसाच्या रंगमंडपांत बलरामाच्या हातून जो मल्ल पडला त्याचें नांव मुष्टिकच आहे. तेव्हां हा खेळ केवळ पाश्चात्यांचा असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये.

श्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींच्या तोंडीं फार असतो. आमच्या घरीं पंक्तीला बसल्यावर आमचा नातू व आमच्या धाकट्या बंधूंचा नातू हे दोघे मेक्सिकोच्या कनेलो अल्वारेझ या योद्ध्यावरून असे हातघाईवर येतात कीं, वाढणाऱ्यांस वरणाचें भांडें घेऊन थांबावें लागतें. एकाच्या मतें तो या युगाचा शिरोमणि. दुसऱ्याच्या मतें ज्याच्या लघवींत निषिद्ध औषध सांपडलें त्याचें नांव थोरांच्या यादींत घेणेंच पाप. हा वाद वरवर पोरकट दिसला तरी त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न पोरकट नाहीं. मनुष्याची कीर्ति कशानें मोजावी, मोजणारा कोण असावा, आणि एक डाग किती दिवस टिकावा, हे तीन विचार त्यांत गुंतले आहेत.

प्रथम मोजमापाचें पाहूं. १९३८ सालीं अमेरिकेच्या हेन्री आर्मस्ट्राँगनें तीन वजनगटांचीं अजिंक्यपदें एकाच वेळीं धारण केलीं. १९३७ च्या आक्टोबरापासून १९३८ च्या आगस्टापर्यंत, म्हणजे अवघ्या दहा महिन्यांत, त्यानें हें साधलें. त्या काळीं सर्व मिळून आठच वजनगट होते व प्रत्येक गटास बहुधा एकच धनी असे. आज गट सतरा झाले आहेत, कांहीं संस्थांच्या हिशेबीं तर अठरा. आणि प्रत्येक गटांत अजिंक्यपद देणाऱ्या प्रमुख संस्था चार आहेत. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन व वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन या चौघी आपापले पट्टे वांटतात व प्रत्येक पट्ट्याच्या लढतीमागें शुल्क घेतात. एका गांवांत चार पाटील असावे व चौघांनींही शेतसारा वसूल करावा, तशांतला हा प्रकार! फिलिपाइन्सच्या मॅनी पॅकियाओनें आठ गटांत पदें मिळविलीं हें खरोखर विलक्षण आहे. तथापि आठांपैकीं तीन व सतरांपैकीं आठ या दोन आकड्यांची तुलना सरळ त्रैराशिकानें होत नाहीं, हें मुलांनीं ध्यानांत घेतलें पाहिजे. चारही पट्टे एकाच हातीं आलेला पहिला हेवीवेट योद्धा म्हणजे युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक. त्यानें १८ मे १९२४ नव्हे, तर २०२४ रोजीं रियाध येथें टायसन फ्यूरीचा पराभव केला. शंभर वर्षांपूर्वीं असें घडलें असतें तर त्यास चार निरनिराळ्या खुंट्यांवरून पट्टे गोळा करीत हिंडावें लागलें नसतें.

फेऱ्यांचेंही असेंच आहे. पूर्वीं अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १९८२ च्या नोव्हेंबरांत रे मॅन्सिनीशीं लढतांना कोरियाचा किम ड्युक-कू चौदाव्या फेरींत कोसळला व थोड्याच दिवसांत मरण पावला. त्यानंतर एका संस्थेनें फेऱ्या बारावर आणल्या व हळूहळू इतरांनीं तिचें अनुकरण केलें. तेव्हां जो लुईनें १९३७ पासून १९४९ पर्यंत राखलेलें पद व पंचवीस वेळां केलेलें त्याचें रक्षण यांची आजच्या बारा फेऱ्यांशीं तोलणी करतांना तराजूचीं दोन पारडीं निरनिराळ्या धातूंचीं आहेत, हें विसरूं नये.

आतां मोजणाऱ्यांकडे वळूं. मानक्रम म्हणजे शाळेंतील परीक्षेची यादी नव्हे. ज्याचें नांव यादींत वर, त्यास पदासाठीं लढण्याची संधि; संधि मिळाली कीं पैसा. यामुळें यादी करणाऱ्याच्या लेखणीस मोठा भाव येतो. न्यूयॉर्कमध्यें १९२२ सालीं निघालेल्या ‘द रिंग’ या मासिकाची या विषयांत वेदवाक्याप्रमाणें ख्याति होती. परंतु १९७७ सालीं डॉन किंग यानें दूरचित्रवाणीवर जी स्पर्धा भरविली, तींतील कित्येक योद्ध्यांच्या नांवावर न झालेल्या लढतींतील विजय याच मासिकाच्या नोंदींत चढविलेले आढळले, व स्पर्धा अर्ध्यावर बंद करावी लागली. पुढें १९९९ सालीं इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचे अध्यक्ष रॉबर्ट ली यांजवर मानक्रमांतील जागांसाठीं पैसे घेतल्याबद्दल खटला भरण्यांत आला. ज्यूरीनें त्यांस कांहीं मोठ्या आरोपांतून मोकळें केलें, पण पैशांची लपवालपवी व करचुकवेगिरी यांबद्दल दोषी ठरविलें, आणि त्यांस बावीस महिन्यांची कैद झाली.

याहूनही मासलेवाईक गोष्ट वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनची. डॅरिन मॉरिस नांवाचा योद्धा २००० च्या आक्टोबरांत वारला, तेव्हां तो त्यांच्या यादींत सातवा होता. २००१ च्या आरंभीं पाहावें तों तो पांचवा! मृत्यूनंतर मनुष्याचें पुण्य वाढतें असें आम्ही ऐकलें होतें. मानक्रम वाढतो हें नवीनच कळलें. ज्यांस मेलेला व जिवंत यांतील भेद कळत नाहीं, त्यांच्या यादीवरून नातवंडांनीं पंक्तींत भांडावें याचा आम्हांस विषाद वाटतो. अमेरिकेनें २००० सालीं महंमद अलीच्या नांवानें कायदा करून संस्थांस आपल्या मानक्रमाचे निकष प्रसिद्ध करण्यास भाग पाडलें, हें त्यांतल्या त्यांत बरें झालें.

आणि आतां औषधांचा मुद्दा, जो सर्वांत बिकट आहे. कनेलोच्या २०१८ च्या फेब्रुआरींत घेतलेल्या दोन नमुन्यांत क्लेनब्यूटेरॉल हें द्रव्य सांपडलें. घोड्यांच्या श्वसनविकारावर हें देतात. मेक्सिकोंत गुरांच्या अंगीं चरबी कमी व मांस अधिक यावें म्हणून तें चोरून चारण्याची वाईट चाल आहे. दूषित मांस खाण्यांत आलें, असें त्याचें म्हणणें. नमुन्यांतील अत्यल्प प्रमाण या म्हणण्याशीं जुळतें, असें परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनींही सांगितलें. ५ मे रोजीं गेनाडी गोलोव्किनशीं ठरलेली लढत मोडली, नेवाडाच्या मंडळानें सहा महिन्यांची बंदी घातली, व तीही मागील तारखेपासून धरल्यामुळें त्याच वर्षीं १५ सप्टेंबरास दोघे समोरासमोर आले. कनेलो थोडक्यांत जिंकला. शिक्षा म्हणावी तर झाली, न म्हणावी तर चार महिन्यांचा विलंब झाला!

टायसन फ्यूरीचें प्रकरण याहूनही कौतुकास्पद आहे. २०१५ च्या फेब्रुआरींतील नमुन्यांत नॅन्ड्रोलोन निघालें. समर्थन असें कीं, खच्ची न केलेल्या रानडुकराचें मांस खाल्लें होतें. तंटा २०१७ च्या डिसेंबरांत तडजोडीनें मिटला. दोन वर्षांची बंदी मागील तारखेपासून लागू करण्यांत आली, व त्या फेब्रुआरींतील लढतीचा निकाल रद्द झाला. परंतु बंदीचा आरंभ धरला १३ डिसेंबर २०१५. क्लिच्कोस हरवून त्यानें हेवीवेटचें पद घेतलें होतें २८ नोव्हेंबरास, म्हणजे बरोबर पंधरा दिवस आधीं. पंचांगांत मुहूर्त पाहूनही इतकी सोईची तारीख सांपडली नसती. इंग्लंडच्याच कॉनर बेनच्या नमुन्यांत २०२२ सालीं क्लोमिफीन आढळून क्रिस यूबँकच्या मुलाशीं ठरलेली त्याची लढत मोडली. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनें पुढें असें जाहीर केलें कीं, त्यानें अतिशय अंडीं खाल्लीं हें एक सयुक्तिक कारण असूं शकतें. हें वाचून दाखवितांच आमच्या घरच्या स्त्रियांनीं, अंड्यांस या घरांत मज्जाव आहे तो किती दूरदृष्टीचा होता, असा सोयीस्कर निष्कर्ष काढला.

थट्टा बाजूस ठेवून न्यायाच्या दृष्टीनें पाहूं. आपल्या शरीरांत जें सांपडेल त्यास खेळाडू स्वतः जबाबदार, मग तें जाणून गेलेलें असो वा नकळत, असा या शास्त्राचा मूळ नियम आहे. तो कठोर आहे खरा. महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीन वेळां मिळविणारे नरसिंग यादव यांस २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या ऐन तोंडावर याच नियमानें चार वर्षांची बंदी झाली. अन्नांत कोणी तें द्रव्य मिसळलें, हें त्यांचें म्हणणें भारतांतील मंडळानें मान्य केलें होतें, पण आंतरराष्ट्रीय लवादानें तें मानलें नाहीं. आपल्या तालमींतून त्या वेळीं जी हळहळ व्यक्त झाली तिच्याशीं आमची सहानुभूति आहे. तरीही नियम कठोरच असावा, असें आमचें मत आहे; आणि मुष्टियुद्धांत तर अधिकच. धांवण्याच्या शर्यतींत औषध घेणारा दुसऱ्याचें पदक चोरतो. येथें तो दुसऱ्याच्या डोक्यावर प्रहार करीत असतो. त्या उसन्या बळाचा हिशेब प्रतिपक्ष्याच्या मेंदूंत होतो. दूषित मांसाची सबब खरी असेल, तर योद्ध्यानें आपलें अन्न अधिक सांभाळावें. उपनयन झालेल्या बटूसही आपण खाण्यापिण्याचे नियम लावतों, मग लक्षावधि डॉलर मिळविणाऱ्या मल्लानें ते पाळले तर काय बिघडलें?

कांहीं मंडळी म्हणतात, जुन्या योद्ध्यांची कोणी परीक्षाच घेतली नाहीं, मग ते शुद्ध कशावरून? आक्षेपांत तथ्य आहे. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला त्याच्या सहाय्यकांनीं वाटेंत स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्याकडील काजऱ्याच्या बियांतील विष, ब्रँडीबरोबर पाजलें होतें; त्या वेळीं तसा निषेधच नव्हता. परंतु जेथें निषेध नाहीं तेथें अतिक्रम नाहीं, हें मीमांसेंतलें सामान्य तत्त्व आहे. ज्या काळीं जो नियम, त्या नियमानें त्या काळच्या माणसाचा न्याय करावा. म्हणूनच आम्हीं घरच्या वादांत पहिलें स्थान शुगर रे रॉबिन्सन यास दिलें. वजनास वजन लावून सर्वश्रेष्ठ कोण, ही विचारण्याची पद्धतच मुख्यतः त्याच्यामुळें रूढ झाली. जेक लामोटाशीं तो सहा वेळां लढला व पांचदां जिंकला. १९४३ च्या फेब्रुआरींत जी एक हार झाली, तिचा बदला त्यानें तीन आठवड्यांच्या आंत घेतला. आजचे योद्धे वर्षांतून दोनदां लढले तरी थकतात. कनेलोस आम्ही थोरांच्या यादींत घेतों, पण त्याच्या नांवापुढें २०१८ हें साल लिहूनच. आणि नातवास हें पसंत पडलेलें नाहीं.

खरी गैरसोय होते ती हरलेल्याची. २० एप्रिल २०२४ रोजीं ब्रुकलिन येथें रायन गार्सियानें डेव्हिन हेनीस तीनदां खालीं पाडून विजय मिळविला. वजनांत तो आधींच ३.२ पौंड अधिक भरला होता. पुढें नमुन्यांत ऑस्टरीन निघालें. आपण जाणूनबुजून कांहीं घेतलें नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. न्यूयॉर्कच्या मंडळानें त्यास एक वर्षाची बंदी घातली व निकाल रद्द केला. हेनीच्या नोंदींत पराजय राहिला नाहीं. खाल्लेले ठोसे मात्र रद्द करण्याची सोय कोणत्याच मंडळाकडे नाहीं. २००५ सालीं जेम्स टोनीनें जॉन रुइझपासून जिंकलेलें पदही याच रीतीनें परत गेलें होतें.

ऑस्कर डी ला होया यास एवढेंही मिळालें नाहीं. १३ सप्टेंबर २००३ रोजीं लास व्हेगास येथें तिघांही परीक्षकांनीं ११५ विरुद्ध ११३ अशा गुणांनीं शेन मोस्लीस विजयी ठरविलें. त्या लढतीपूर्वीं कॅलिफोर्नियाच्या बाल्को कंपनीचीं द्रव्यें आपण घेतलीं, हें मोस्लीनें त्याच वर्षाच्या अखेरीस ज्यूरीपुढील साक्षींत मान्य केलें. तीं निषिद्ध असल्याचें ठाऊक नव्हतें, असें तो म्हणाला. परीक्षेंत तो सांपडला नव्हता, म्हणून निकाल बदलला नाहीं. कॅनास्टोटा येथील मुष्टियोद्ध्यांच्या कीर्तिमंदिरांत डी ला होयाची निवड २०१४ च्या तुकडींत झाली व मोस्लीची २०२० च्या तुकडींत, आणि त्या रात्रीचे ते दोन गुण अद्याप मोस्लीच्याच खात्यावर जमा आहेत.